हाकांची नोंदवही

प्रमाणपत्रावर शब्द होता ‘प्रथम प्रतिसादक’, आणि सगळं बिनसलं ते त्या शब्दापासून.

आवकरावांनी ते प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलावर, वहिनींच्या ताटापासून वीतभर अंतरावर, सहज राहून गेल्यासारखं ठेवलं होतं. वहिनींनी हात धुतले, चष्मा लावला आणि शिक्क्यासकट सगळा मजकूर वाचला. परिसरात आपत्कालीन प्रसंग उद्भवल्यास अॅम्ब्युलन्स येईपर्यंत रुग्णाला प्राथमिक मदत देण्यास सदर व्यक्ती पात्र आहे, वगैरे. मग त्यांनी चष्मा काढला.

“प्रतिसादक,” त्या म्हणाल्या. “तुम्ही.”

एवढंच. पण जेवण होईपर्यंत त्यांचे खांदे अधूनमधून हलत होते.

हसण्याला कारण होतं. आवकराव एकतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात होते. (हे नाव इमारतीनं ठेवलेलं. खरं नाव खाली टपालपेटीवर होतं, पण तिकडं कोणी बघत नसे. त्यांच्या पत्नी सगळ्या इमारतीच्या वहिनी.) बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा, तारीख आणि वेळ लिहायची, आणि कागद योग्य त्या टेबलाकडे रवाना करायचा, हे त्यांचं काम. कागदाला उत्तर देणं हे दुसऱ्या टेबलाचं काम. ही शिस्त इतकी अंगात मुरली होती की वहिनींनी स्वयंपाकघरातून “अहो” म्हटलं, की आवकराव ती हाक मनातल्या मनात रीतसर दाखल करून घेत आणि पुढं वर्तमानपत्र वाचत. अडचण एवढीच होती की घरात दुसरं टेबल नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आवक अशी काही राहिलीच नाही. जाहिरातीचे कागद आणि विजेचं बिल, तेही दाराखालून. अशात लिफ्टमध्ये ‘प्रथमोपचारासाठी स्वयंसेवक हवेत’ अशी सूचना लागली, नियंत्रण कक्षाकडून तुमच्या मोबाईलवर थेट हाक येईल असं तिच्यात लिहिलेलं होतं, आणि आवकराव चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन, ती सूचना पुन्हा वाचण्यासाठी खाली येऊन, पुन्हा वर गेले.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. शिकवणाऱ्या सिस्टर अनुभवी होत्या आणि वर्गात एक रबरी धड होतं. नियम असा की पडलेल्या माणसाचे दोन्ही खांदे हलवायचे, मोठ्यानं हाक मारायची आणि तो प्रतिसाद देतो का ते बघायचं. आवकरावांनी धडाच्या खांद्याला दोन बोटं लावली आणि “माफ करा, आपण जागे आहात का?” असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “काका, त्याला जीव नाहीये. परवानगी कसली मागताय?” छाती दाबताना त्यांचा वेग चांगला होता, पण तीस दाब झाले की ते थांबून खिशातल्या कागदावर वेळ लिहीत. मोठ्या मनाच्या सिस्टरांनी त्यांना पास केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नोंदी उत्तम.’ प्रमाणपत्रासोबत एक चकचकीत पिवळं जाकीट आणि लाल बॅग मिळाली. नियुक्ती सहा महिन्यांसाठी तात्पुरती होती. या काळात किमान एक ‘ग्राह्य प्रतिसाद’ नोंदला गेला तर कायम, नाहीतर जाकीट आणि बॅग परत.

बॅग कुठं ठेवायची यावर इमारतीत आठ दिवस चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरचे औषधवाले, ज्यांचं कोपऱ्यावर दुकान होतं आणि जे स्वतःला जवळजवळ डॉक्टर समजत, त्यांचं मत पडलं की बॅग दाराबाहेर असावी, म्हणजे धावताना वेळ जात नाही. इमारतीच्या सेक्रेटरीबाईंचं म्हणणं, दाराबाहेर काहीही ठेवायचं नाही असा ठरावच आहे, आणि चपलांचं कपाटसुद्धा आपण माणुसकी म्हणून चालवून घेतोय. शेवटी बॅग दारामागच्या खुंटीला लागली. दार उघडलं की ती उघडणाऱ्याच्या पाठीत बसायची. वहिनींच्या पाठीत ती पहिल्या आठवड्यात अकरा वेळा बसली.

पहिली हाक एका मंगळवारी आली. मोबाईलमधून असा भोंगा वाजला की शेजारच्यांनी गॅस बंद केले. बेकरीसमोर एक गृहस्थ चक्कर येऊन पडले होते, अंतर तीनशे मीटर. आवकरावांनी प्रथम वेळ लिहिली. मग जाकीट चढवलं. जाकिटाची चेन बेंबीपाशी अडकली, ती ना वर जाईना ना खाली येईना, आणि उघड्या जाकिटानं बाहेर पडणं हे त्यांना गणवेशाचा अवमान वाटलं. ते बेकरीसमोर पोचले तेव्हा गृहस्थ चहा पिऊन घरी गेले होते. आवकरावांनी रस्त्यावर उभं राहून नोंद केली: ‘जागेवर रुग्ण आढळून आला नाही.’

दुसरी हाक बागेतल्या बाकावरच्या बेशुद्ध इसमाची. या खेपेला ते वेळेत पोचले, सिस्टरांचे शब्द आठवले, परवानगी मागितली नाही, आणि इसमाचे दोन्ही खांदे धरून असे गदागदा हलवले की इसमाची कवळी सैल झाली. इसम दुपारची झोप घेत होता. त्यानं दिलेला प्रतिसाद लिहून ठेवण्याजोगा नव्हता, म्हणून आवकरावांनी ‘रुग्ण पूर्णपणे शुद्धीवर’ एवढंच लिहिलं. इसमानं नियंत्रण कक्षाला तक्रार केली.

आणि तिसरा प्रसंग तर भोंग्याशिवायच घडला. इमारतीच्या वार्षिक सभेत गाड्या लावण्यावरून वाद पेटला होता. बोलता बोलता सेक्रेटरीबाईंचा आवाज अडकला, डोळ्यांत पाणी आलं आणि हात गळ्याशी गेला. घास अडकल्याची तीनही लक्षणं. आवकराव तिसऱ्या रांगेतून उठले, खुर्च्या ओलांडत गेले आणि सेक्रेटरीबाईंच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या टाचेनं पाच थपडा दिल्या. सेक्रेटरीबाईंना नुसतं रडू येत होतं. पाच थपडांनंतर ते थांबलं, पण कौतुक कोणी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं लेखी पत्र आलं. आवकरावांनी त्यावर आवक क्रमांक एक घातला.

इकडं घरात एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं होतं. वहिनी उठल्यासुटल्या तो शब्द वापरायला लागल्या होत्या. भाजीवालीशी बोलताना, फोनवर बहिणीशी, पाहुण्यांसमोर. प्रतिसादक बाहेर गेलेत, प्रतिसादक झोपलेत, प्रतिसादकांना मी मघापासून तीनदा हाक मारली. एकदा आवकरावांनी दुखावल्या स्वरात विचारलं की नेमक्या किती हाका मी ऐकत नाही, काही आकडा आहे का तुझ्याकडे? वहिनींचा आवाज कधी चढत नसे. त्या हळूच म्हणाल्या, “अहो, देवाला हाक मारली तर तो तरी कधीमधी ऐकतो. आकडा कशाला ठेवू?”

आकडा नाही, हे आवकरावांना लागलं. त्यांनी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रेघा मारल्या आणि रकाने आखले. अनुक्रमांक. हाकेची वेळ. हाकेचा प्रकार, म्हणजे सौम्य, मध्यम किंवा तीव्र. विषय. प्रतिसादाची वेळ. शेरा. पहिल्या पानावर त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं, ‘घरगुती हाका नोंदवही.’ आरोप खोटा ठरवायचा तर पुराव्यानं ठरवायचा.

पुरावा उलटला. पहिल्या महिन्यात एकूण हाका चारशे बारा, प्रतिसादाचा सरासरी कालावधी एकोणीस मिनिटं, आणि सदुसष्ट हाकांपुढं काहीच नाही. याचं कारणही वहीच होती. हाक आली की ते वही उघडत, पेनाचं टोपण काढत, वेळ बघत, प्रकार ठरवत, आणि सगळं स्वच्छ लिहून झालं की काम झाल्याचं समाधान मिळे. उठायचं राहून जाई. वहिनींनी सुरुवातीला कपाळाला हात लावला. मग त्याही कार्यालयीन झाल्या. “अहो, चौदा नंबरच्या हाकेची आठवण करून देतेय, डबा अजून वरच आहे.” सकाळी त्या तासभर देवासमोर बसत. त्यांचा तो वर्षानुवर्षांचा नेम होता आणि त्या वेळात हाक मारत नसत. वहीत रोज त्या तासासमोर ‘निरंक’ असे. औषधवाल्यांनी वही चाळून सल्ला दिला की तीव्र हाकांना लाल शाई वापरा. आवकरावांना तो पटला.

साडेपाच महिने असे गेले. तपासणी अधिकाऱ्यांचं पत्र आलं, अमुक तारखेला येतो, ग्राह्य प्रतिसादांची यादी तयार ठेवा. यादी कोरी होती. आवकराव बारा दिवस उरले, अकरा उरले असं मोजत मोबाईलकडे बघत बसायला लागले. कोणाचं वाईट व्हावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. कोणाला थोडंसं काहीतरी व्हावं, एवढंच.

दहा दिवस उरले होते त्या सकाळी ते बाहेरच्या खोलीत बॅगेतल्या पट्ट्यांच्या मुदती तपासत होते. आत वहिनी धुतलेला पडदा दांडीत ओवत होत्या. अकरा वीसला हाक आली. अहो, जरा स्टूल धरायला या, मी वर चढतेय. आवकरावांनी वही ओढली. वेळ ११.२०. प्रकार मध्यम. विषय, स्टूल धरणे. टोपण लावलं आणि पट्ट्यांकडे वळले.

वहिनींच्या हाकांना एक चाल होती, आणि महिनोन्महिने नोंदी केलेल्या माणसाला ती पाठ झाली होती. पहिल्या हाकेनंतर साधारण सात मिनिटांनी दुसरी, त्यानंतर चार मिनिटांनी तिसरी, आणि मग स्वतः वहिनी. सात मिनिटं झाली. दुसरी हाक आली नाही. चौदा झाली. दुसऱ्या हाकेसाठी आवकरावांनी टोपण पुन्हा काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. कोरी ओळ त्यांना खुपायला लागली.

अकरा एक्केचाळीसला आली. पण ती ‘अहो’ नव्हती. ‘अ’ होता, पुढचं अक्षर कुठंतरी घसरलं होतं. आवकरावांनी वेळ लिहिली आणि प्रकाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सौम्य नव्हती. मध्यम नव्हती. तीव्र तर नाहीच. नोंद चुकीची होऊ नये म्हणून त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: ‘वाकडी.’

लिहिलेल्या शब्दाकडे त्यांनी पाहिलं. मग ते उठले. विषयाचा रकाना रिकामा राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. पडदा एका टोकाला दांडीत, दुसऱ्या टोकाला जमिनीवर. उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कोणाचा तरी ठेवून दिल्यासारखा होता. आवकरावांनी सिस्टरांनी शिकवलं होतं तसं केलं. हसून दाखव म्हणाले. त्या हसल्या, पण निम्म्याच. दोन्ही हात वर कर म्हणाले. एकच वर गेला. म्हण, आज हवा छान आहे. वहिनींनी काहीतरी म्हटलं, पण त्यात ना हवा होती ना आज, आणि ते त्यांनाही कळलं, कारण त्या घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“काही नाही,” आवकराव म्हणाले. “मी आलोय.”

त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. पत्ता सांगितला, लक्षणं सांगितली, वेळ सांगितली. पलीकडचा आवाज शांत होता. अॅम्ब्युलन्स निघाली आहे, काळजी करू नका, तोवर तुमच्या सर्वांत जवळचा प्रतिसादक आम्ही पाठवत आहोत. आणि आवकरावांच्या हातातला मोबाईल त्यांच्याच कानात भोंगा वाजवायला लागला. मोबाईलच्या पडद्यावर लिहिलं होतं, अंतर शून्य मीटर, स्वीकारता का? स्वीकारायचं तर चालू फोन तोडावा लागत होता. न स्वीकारलं तर भोंगा थांबत नव्हता, आणि वहिनींनी चांगल्या हातानं एक कान झाकला होता. आवकरावांनी ‘स्वीकार’ दाबलं. मोबाईलनं आभार मानले आणि रुग्णाकडे जाण्याचा नकाशा दाखवला.

भोंग्यानं इमारत गोळा झाली. औषधवाले गोळी घेऊनच वर आले. रक्त पातळ करायची आहे, जिभेखाली ठेवा, मी सांगतो ना. आजवर औषधवाल्यांचा एकही सल्ला आवकरावांनी मोडला नव्हता. ते दारात आडवे उभे राहिले.

“तोंडानं काही द्यायचं नाही,” ते म्हणाले. “गोळी नाही, पाणी नाही. मागं व्हा.”

औषधवाले मागं झाले. त्यांच्या पाठीत बॅग बसली.

आणि सेक्रेटरीबाई. सभेतल्या थपडांनंतर त्या आवकरावांना जिन्यातही ओळख देत नव्हत्या. त्या तळमजल्यावर गेल्या आणि लिफ्टच्या दारात एक पाय घालून उभ्या राहिल्या, म्हणजे स्ट्रेचर येईपर्यंत लिफ्ट कुणी वर बोलावून नेऊ नये. नऊ मिनिटं त्या तशा उभ्या होत्या. दर दहा सेकंदांनी दार त्यांच्या नडगीवर आपटत होतं.

अॅम्ब्युलन्समध्ये बसताना आवकरावांनी बॅग घेतली नाही. वही घेतली. का घेतली, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी वहिनींना तपासलं आणि सगळ्या नातेवाइकांना विचारतात तो प्रश्न विचारला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं, उशीर झाला असेल तर ते उलटतं, तेव्हा या शेवटच्या अगदी नीट कधी बोलल्या? डॉक्टरबाई उत्तराची फार अपेक्षा न ठेवता विचारत होत्या. लोक सांगतात सकाळी, मघाशी, लक्ष नव्हतं.

आवकरावांनी वही उघडून पुढं केली.

डॉक्टरबाईंनी ती ओळ वाचली. मग तिच्या वरच्या चार वाचल्या. “अकरा वीस, मध्यम, स्टूल धरणे. म्हणजे शब्द स्पष्ट होते?”

“स्पष्ट. पूर्ण वाक्य होतं.”

“आणि अकरा एक्केचाळीस, वाकडी.”

“हो.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. डॉक्टरबाई वळून आत काहीतरी बोलल्या आणि तिथली माणसं भरभर हलायला लागली. जाता जाता त्यांनी या पानाची प्रत मिळेल का असं विचारलं. साक्षांकित हवी का, असं आवकरावांनी सवयीनं विचारलं, आणि मग बाकावर बसले. समोर पान उघडंच होतं. अकरा वीसच्या ओळीत प्रतिसादाच्या वेळेचा रकाना कोरा होता. तो कितीही वेळ बघितला तरी कोराच राहत होता. त्यांनी हात जोडले. देवाकडे काय मागायचं हे वहिनींना बरोबर ठाऊक असे. आवकरावांना एवढंच सुचलं की वहिनींना परत हाक मारता यावी, कुठल्याही प्रकारची.

वहिनी नवव्या दिवशी घरी आल्या. इंजेक्शन लागू पडलं होतं. जीभ सावकाश चालत होती, हाताला जडपणा होता, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, व्यायाम केलात तर भरून येईल, रोज उजव्या हातानं थोडं लिहा. तपासणी अधिकारी दुसऱ्याच दिवशी आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मनापासून अभिनंदन केलं, आणि मग नियमांची पुस्तिका काढली. मदत मागणारा आणि प्रतिसाद देणारा या दोन भिन्न व्यक्ती असणं आवश्यक आहे. शिवाय राहत्या घरात, स्वतःच्या कुटुंबीयास दिलेला प्रतिसाद ग्राह्य धरता येत नाही. त्याला घरकाम म्हणतात, असं पुस्तिकेत नव्हतं, पण अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर होतं. ग्राह्य प्रतिसाद शून्य. पुढच्या तुकडीत पुन्हा प्रशिक्षण घेता येईल, तोवर जाकीट आणि बॅग.

आवकरावांनी दोन्ही दिली आणि पोच घेतली. जाकिटाची चेन अधिकाऱ्यांनाही लागली नाही.

अधिकारी गेल्यावर ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. दारामागची खुंटी मोकळी दिसत होती. वहिनींनी खुणेनं वही मागितली. व्यायामाला असेल म्हणून त्यांनी दिली. वहिनींनी पेन मुठीत धरलं, त्या दिवसाचं पान शोधलं आणि लिहायला घेतलं. पाच मिनिटं लागली. अकरा एक्केचाळीसच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, रेघ सोडून वर चढलेल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘आले.’

आवकरावांनी ते वाचलं. अशा नोंदीखाली सही करायची असते, पण त्यांना पेन सापडेना, कारण ते वहिनींच्या हातात होतं. त्या अजून लिहीत होत्या. एक ओळ वर. अकरा वीस, स्टूल धरणे. हा शब्द मोठा होता आणि जोडाक्षराचा होता, त्यामुळं त्यांनी मध्ये दोनदा दम घेतला. ‘प्रलंबित.’

आवकरावांनी मान वर करून आत पाहिलं. पडदा दहा दिवस एका टोकाला लोंबत होता आणि दुसऱ्या टोकानं फरशी पुसत होता.

ते उठले. वहिनींना चढायला मनाई होती, म्हणून ते स्टुलावर चढले आणि वहिनींनी स्टूल धरलं. डाव्या हातानं धरलं होतं, मग विचार करून उजवाही लावला. आवकराव पडद्याची दांडी हुकात बसवायला लागले. दांडी बसेना.

“अ... हो,” खालून आवाज आला. “जरा डावीकडं.”

“हो,” आवकराव म्हणाले, आणि डावीकडं घेतली.

ही हाक वहीत नाही. दोघांचेही हात गुंतलेले होते.